नखभर

लोकांनी मला आयुष्यभर पुड्या दिल्या.
कापलेल्या नखांच्या, केसांच्या,
जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या.
वर पेन्सिलीने नाव, वय, गाव
आणि घरात जेवणारी माणसं किती.

उत्तरेत, जिथे नदी पाच महिने दगड होऊन पडते,
छू शूलानच्या अंगणात मका वाळत होता.
मका तिच्याच शेतातला, सोयाबीन तिथलाच,
कोबी, विहीर, सगळं तिथलंच.
बाहेरून यायचं ते फक्त मीठ.
थोरला मुलगा सात वर्षांचा असताना
उंबरठा ओलांडतानाही दम खायला थांबायचा.
मी पोचले त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेला.
हृदय मोठं झालं होतं, डॉक्टर म्हणाले.
होताच तो मोठ्या मनाचा, शूलान म्हणाली,
आपल्यातला घास धाकट्याला द्यायचा.
तिने त्याची टोपी दाखवली.
आत चिकटलेले दोन केस.
दोन केसांत मोजण्याजोगं काही नसतं,
हे मी तिला सांगितलं नाही.

त्याच्या कितीतरी वर्षं आधी, दक्षिणेत,
एन्शीच्या धुक्यातल्या डोंगरात
थान छाओमेई केस विंचरायला बसली
आणि फणीबरोबर केसच आले, मुळासकट,
ओल्या मातीतून गवत यावं तसे.
मग नखं. दुखलीसुद्धा नाहीत फार.
दुष्काळाने भात बुडाला होता,
उरला होता डोंगरउतारावरचा मका,
पिवळाधमक, टपोऱ्या दाण्यांचा.
चुलीत काळा दगडी कोळसा, त्याची राख शेतात,
शेतातलं ताटात.
गावातली कुत्रीसुद्धा टकली झाली होती.
कुणीतरी शाप दिलाय, असं म्हणत
छाओमेईने दहाही नखं काडेपेटीत जपली.
जाताना ती माझ्या हातावर ठेवली:
तुम्ही मोजता ना? मोजा.

मोजलं.
उत्तरेत जे नव्हतं
तेच दक्षिणेत ओसंडत होतं.
चंद्रावरून नाव ठेवलंय त्या द्रव्याचं.
अमावास्येला उधाण येतं,
पौर्णिमेलाही येतं.
मी समुद्र पाहिला नव्हता तेव्हा,
पण हे मला तराजूने शिकवलं.

अति तेथे माती, म्हणतात.
इथे माती आधी होती.
अति तिच्यातच होतं, आणि काहीच नसणंही.
नखशिखांत निरोगी माणूस म्हणजे
मधल्या एका अरुंद बांधावरून चाललेला माणूस,
आणि त्याला बांध दिसत नाही.

पुढे गोळ्या आल्या. आठवड्याला एक.
दिसायला खडीसाखरेचा चुरा,
आणि आत असलेलं ते
नखावर घेतलं तर नखालाही कळू नये इतकं.
शूलानने धाकट्याच्या तळहातावर दोन ठेवल्या.
ही तुझी, म्हणाली. ही दादाची.

मी तिचा हात धरला.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं कुणी घरात शिरलेल्या चोराकडे पाहतं.
इतके दिवस कमी पडलं म्हणता
आणि आता जास्त होईल म्हणता?
शब्दांत उत्तर देता येईना.
पिशवीत तळाशी काडेपेटी होती,
एवढी वर्षं का वागवली कोण जाणे.
उघडली.
पिवळट, पांढऱ्या रेघांची, दहा.

शूलानने हात लावला नाही.
बराच वेळ बघत राहिली.
बाहेर कुणीतरी बर्फ फोडून पाणी काढत होतं.
परत आली का हिची नखं?
आली, मी म्हटलं. खडबडीत, पण आली.
केस?
तेही. आधी पांढरे.

एक गोळी तिने डबीत टाकली.
डबीचं झाकण घट्ट बसेना, मी बसवलं.
मग तिने कात्री आणली,
पोराची नखं कापली, पुडी बांधली,
आणि मी पेन्सिल घेतली.
घरात जेवणारी माणसं?
पाच, ती म्हणाली.

ग्रॅमचा दहा लाखावा भाग
मी कधी इकडचा तिकडे होऊ दिला नाही.
ताटं चार होती, मी पाहिली होती.

पाच लिहिलं.